वजनावर घेतलेले चार सेट

मकरपुऱ्याच्या भंगारात इलियासभाईने
चार सेट तराजूत टाकले, एक काढला, परत टाकला.
"बेटरीनुं वजन नथी गणतो, काका."
आणि खरंच धरलं नाही.

नंदेसरीच्या बंद कारखान्याचा वास होता अजून त्यांना,
क्लोरीनचा, बटणांच्या फटींत बसलेल्या ग्रीसचा.
एकाच्या पाठीवर पांढऱ्या रंगात सत्तावीस.
सातच्या पोटात आडवी रेघ.
ती सवय माझीच.

नव्या लॅपटॉपला हे सेट समजत नाहीत.
तो घाईघाईने बोलतो, आणि हे
एकेक अक्षर चावून खाणारे.
म्हणून दांडिया बाजारातल्या घराच्या माळ्यावरून
जुना डॉसवाला संगणक उतरवला;
त्याच्या पंख्याचा आवाज असा, की निरुपमाने
आपला मिक्सर बंद करून पाहिला.

केबल लावली. वाचतोय, वाचतोय, बासष्ट टक्के,
आणि मग त्याने मला विचारलं: पासवर्ड?

मलाच. ज्याने सत्त्याण्णव साली
परक्या कुणी हात लावू नये म्हणून तो घातला, त्याला.
कारखान्याचं नाव टाकलं. नाही.
मुलीची जन्मतारीख. नाही;
अरे, ती तर झाली अठ्ठ्याण्णवला.
निरुपमा मागे उभी, हाताला कणीक,
"माझं नाव टाकून बघा की," म्हणाली,
जरा जास्तच सहज.
टाकलं.
नाही.
शेवटी चालला तो बजाज सुपरचा नंबर.
त्या रात्री वरणात मीठ नव्हतं
आणि मी मागितलंही नाही.

उघडलं तेव्हा सगळे आत होते, रांगेत:
गेट दोन, बॉयलर, सेल हाऊस, फायर,
आणि सोळावर नुसतं, चाय.

सोळा रिपीटरवरून जात नसे,
म्हणजे साहेबांच्या टेबलापर्यंत पोचत नसे.
रात्रपाळीत कुमठेकर त्यावर दूध संपल्याचं सांगायचा,
परसोत्तम स्कोअर सांगायचा, बहुतेक वेळा चुकीचा.
एकदा पहाटे चारला कुणीतरी
नुसतं बटण दाबून धरलं होतं,
दोन मिनिटं, काही न बोलता. मागे पंपाचा आवाज.
कोण, ते मी शोधलं नाही.
तेव्हा शोधता आलं असतं.

एक ते पंधरा पुसले.
त्या लहरींवर बोलायचा हक्क आता माझा नाही.
माझा परवाना एकशे चव्वेचाळीस ते शेहेचाळीसचा,
दोन मेगाहर्ट्झची गल्ली, पण मोकळी.
गेट दोनच्या जागी एकशे पंचेचाळीस पॉइंट पाच.
बॉयलरच्या जागी क्लबचा रिपीटर, त्याच्या टोनसकट.
पॉवर उतरवली, अँटेना काढून डमी लोड लावला,
बटण दाबलं. सुई उठली,
दुपारी झोपलेला माणूस कुशीवर वळतो तशी.

संध्याकाळी गच्चीवरून व्ही यू थ्रीपासून सुरू करून
माझी सगळी अक्षरं सावकाश उच्चारली, मग नाव.
कारखान्यात नाव घ्यायची पद्धत नव्हती,
तिथे मी "इन्स्ट्रुमेंट" होतो,
इन्स्ट्रुमेंट, जल्दी आओ.
उत्तर आलं गोरव्याहून. हेत्वी, अकरावीत,
परवाना अजून लॅमिनेटसुद्धा न केलेला.
"काका, अवाज बराबर छे,
पण डब्बामांथी आवतो होय एवो."
पोरी, म्हटलं, डबाच आहे.

सोळा नाही पुसला.
बोलणं बंद केलं त्यावरचं, ऐकणं ठेवलं.
स्कॅनचा हिरवा दिवा रात्रभर फिरत असतो,
अकराच्या सुमारास मात्र सोळावर अडकतो,
दोन-तीन सेकंद, खरखर.
खालच्या मोहित्यांच्या बाथरूममधला एलईडी असणार.
त्यांची वेळ तीच.
तरी मी आवाज थोडा वाढवतो.