उचल

शनिवारी पहाटे सव्वापाचला
नौशाद तांबोळी हॉर्न वाजवत नाही,
खालून एकदाच डिपर मारतो.
बायको कूस बदलत म्हणते, तुझा उजेड आला.

डिकीत तीन पिशव्या, एक थर्मास.
पुढच्या सीटवर केरसी, मांडीवर घडी घातलेला टॉवेल.
बंडगार्डनचा पूल ओलांडेपर्यंत कुणी बोलत नाही.

येरवड्याला शरयू निंबाळकर आधीच पोचलेली असते.
हाडांची डॉक्टर. बुटांच्या नाड्या बांधता बांधता
माझं चालणं बघते आणि सांगते,
"डावा गुडघा जपून. आणि रात्री झोपला नाहीस."

माझा फटका उजवीकडे वळायचा.
सोळा वर्षं वळायचा.
भोसरीत गिअर कापणारा माणूस मी,
मायक्रॉनचा हिशेब चुकला नाही कधी,
आणि एक पांढरा चेंडू सरळ जाईना.
टायरवाल्या नौशादने शेवटी उकिडवं बसून पाहिलं,
अलाइनमेंट बघतो तसं, एक डोळा मिटून.
"चाकात काही नाही रे.
स्टिअरिंग धरलंयस गळा आवळल्यासारखं. सोड."

कार्ड केरसीकडे. पेन्सिल त्याच्या कानामागे.
एकदा बाभळीमागे माझा चेंडू
बुटाच्या टोकाने वीतभर सरकला.
कुणी पाहिलं नाही. एक टिटवी होती.
"किती?"
"पाच."
त्याने लिहिलं नाही. पेन्सिलीच्या टोकावर फुंकर मारली.
"किती?"
तेवढ्यात लोहगावहून उडालेलं लढाऊ विमान डोक्यावरून गेलं
आणि त्या गडगडाटात मी म्हणालो, दंडासकट सात.
ऐकू आलं असावं. सात लिहिलं.
पुढे चालू लागला,
पाऊस यंदा बरा झाला म्हणाला.

मग वर्कशॉप बंद पडलं.
मशिनं गिऱ्हाइकाला नाही, काट्यावर गेली,
किलोच्या भावात.
शनिवारी मी जायचो खरा, खेळायचो नाही,
हातात काठी असायची एवढंच.
तेव्हापासून भोकाजवळ आलो की
कुणीतरी म्हणायचं, "उचल."
आधी वीतभरावरून. मग दोन फुटांवरून.
"उचल रे, आत गेलाच समज."
नंतर तर अख्ख्या काठीएवढ्या अंतरावरून.

दिवाळीआधी पोरांना मी उचल द्यायचो,
पगारातून हप्त्याने वळती करायचो,
लाल वहीत अंगठा, सही, तारीख.
इथे मीच घेत होतो, दर शनिवारी,
आणि वहीच नव्हती कुठे.

त्या दिवशी चौदाव्या ग्रीनवर चार फूट राहिले होते.
सवयीने वाकलो.
"थांब," शरयू म्हणाली. "ठेव तो. घाल."
नौशाद गवताकडे बघू लागला.
केरसीने कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली.
यल्लाप्पा झेंडा धरून उभा,
ओठ न हलवता पुटपुटला,
"डावीकडं अर्धा कप, सायेब."

हात कापले. कापू दिले.
चेंडू गेला, कडेवर चढला,
शेजाऱ्यासारखा आत डोकावला
आणि पुढे निघून गेला.

कुणीच काही बोलेना.
मग केरसी, नेहमीच्या आवाजात,
"किती?"
"अजून एक घालायचाय," मी म्हणालो,
घातला, आणि सांगितलं, "सहा."
सहा लिहिलं.
"गळा सोडला होतास पण," नौशाद म्हणाला आणि
पहिला तोच हसला, मग यल्लाप्पा,
मग मला थांबवता येईना.

परतताना पुलावर
तिघेही एकदम बोलत होतो,
कुणाचंच कुणाला कळत नव्हतं.

घरी बायकोने विचारलं, जिंकलास?
म्हटलं, नाही. आज हरू दिलं त्यांनी.
ती म्हणाली, बरं,
बूट बाहेर काढ, केवढं गवत आणलंयस.