एकशे चौदा पूर्णांक तीन

चौथ्यांदा रिम वाकली
पामबीचवरून सानपाड्याकडे वळताना, त्याच खड्ड्यात,
तेव्हा पंक्चरवाल्या पोऱ्यानं हातोडा खाली ठेवला.
ताई, म्हणाला, हिच्यात आता ठोकण्यासारखं काही उरलं नाही.

म्हणून रविवारी तुर्भ्याला, पुलाखालच्या दुकानात:
मी, माझे सासरे आबा,
आणि फोनमध्ये मस्कतहून हेरंब.

छतापर्यंत चाकं. पाच पाकळ्यांची, दहा काड्यांची,
एक तर नुसतं जाळं, कडेला लाल रेघ.
इद्रीसभाई प्रत्येकाला टिचकी मारतो
आणि नाद विरेपर्यंत किंमत सांगत नाही.

काळं घे, हेरंब म्हणतो. डायमंड कट. पंधरा इंची.
गाडी दोन हजार सातची वॅगन आर.
तिच्या मागच्या दाराला आतून सुतळी बांधलीय
हे तीन वर्षांत तो विसरला असावा.
खोटं कशाला बोलू, मीही हात फिरवला काळ्यावरून.
गार होतं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये
मी उतरतेय आणि पाटणकरबाई बघतायत, इतकं सगळं
एका तळहातात दिसलं.

आबा गप्प.
पावण्याच्या कंपनीत तेहतीस वर्षं लेथ.
कंपनी गेली, शेडच्या जागी काचेची इमारत उभी राहिली.
उरला तो व्हर्नियर. चष्म्याच्या घरात मावत नाही
म्हणून माझ्या डब्याच्या पिशवीतून आणलेला.
कपबशी वाजवणारे त्यांचे हात
एका भोकाच्या आतल्या कडेपासून
समोरच्या भोकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत
जबडा उघडतात, स्क्रू आवळतात.
चष्मा कपाळावर. श्वास धरलेला.

शंभर, म्हणतात.
आपलं एकशे चौदा पूर्णांक तीन.

चाचा, इद्रीसभाई हसतो, भोकं चार इथं, चार तिथं,
कानस मारून जरा लांबट करून देतो की.
आणि फोनमधून: चौदा मिलिमीटरनं काय होतं, बाबा?

आबा फोनकडे बघत नाहीत.
लग्न होऊन आले तेव्हा ओटा मला दोन इंच उंच पडायचा.
होईल सवय, सगळे म्हणाले.
आबांनी लांबूनच मोजपट्टी धरली, कोपरापासून फरशीपर्यंत,
आणि शनिवारी एक बुटका पाट करून आणला.
अजून त्याच्यावरच उभी राहून मी पोळ्या लाटते.

नटानं ओढून बसवलेलं चाक, आबा म्हणतात,
दुकानात सुटत नाही.

मग इद्रीसभाई हसायचा थांबतो. माळ्यावर चढतो.
धूळ, एक मांजर, आणि चार तेरा इंची चाकं खाली येतात,
आठ काड्यांची, राखाडी, कुणाच्या तरी विकलेल्या गाडीची.
चौथ्याला मधलं झाकण नाही.
आबा पुन्हा मोजतात. मग उलटं करून पट्टी आडवी ठेवतात,
हबला टेकणारी बाजू किती आत आहे ते बघतात.
फार आत गेलं तर आतून घासतं,
फार बाहेर आलं तर मडगार्ड खातं.
पुटपुटतात, बोटावर काहीतरी मोजतात,
आणि पहिल्यांदाच किंमत विचारतात.

साधी दिसतात गं, हेरंब म्हणाला.
हो, म्हटलं, आणि कॅमेरा जॅककडे वळवला.
चाक हबवर गेलं, हातोडा न लागता.
नट आधी बोटांनी, मग पान्यानं,
समोरासमोरचे दोन, मग उरलेले दोन.
आबांनी चारही स्वतः आवळले. पोऱ्या नुसता बघत उभा.

परत येताना त्या वळणावर मी गाडी
अशी काढली की आबांनी डोळे उघडले नाहीत.

आता रात्रीचे साडेनऊ.
आबा स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं मोजतायत.
हिंगाच्या डबीचं बसेल, म्हणतात, चौथ्याला.
मग हिंग कशात ठेवू, मी विचारते.
थांब, म्हणतात, आणि दिव्याखाली
आकडा पुन्हा वाचतात.