वाढ

बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर आम्ही सातजण होतो.
खाली लाद्या निघायच्या, वर टेबलं थरथरायची,
मुजम्मिल ओरडायचा, सेव्ह करा रे, लादी निघतेय.
मी सातवी. टेस्टर. म्हणजे
इतरांनी केलेलं मोडून बघायचं,
पगार घेऊन.

मिरकरवाड्याच्या लिलावाचं ॲप.
पहिला ग्राहक नुरुद्दीन तांडेल,
पहाटे चारला फोन:
"पोरी, बारा किलो सुरमई टाकली,
तुझा मोबाईल म्हणतो उणे बारा.
दर्याचं मी देणं लागतो काय?"
अंथरुणात बसून मी ती चूक शोधली,
निनादने एक ओळ घालून सांधली,
आणि ओळीच्या वर मी टीप लिहिली:
नुरुद्दीनचाचांसाठी. काढू नये.

मग वाढलो.
आधी हर्णै, देवगड, मग मंगळूर, वेरावळ,
मग मासेच सुटले. आता आम्ही
नाशवंत मालाची साखळी सांभाळतो:
द्राक्षं, दूध, लशी, कुठेतरी फुलंसुद्धा.
दर सोमवारी नवे चेहरे,
दर सोमवारी त्यांच्यासाठी टाळ्या.
गणपतीनंतर मी नावं पाठ करायची सोडली.

मिरजोळ्याला काचेची इमारत घेतली.
दारात नारळ वाढवला.
फोडला म्हणायचं नसतं, आई सांगायची,
बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते.
पाणी उडालं ते नव्या गालिच्यावर,
एच.आर.ची मुलगी टिश्यू घेऊन धावली.
दुसऱ्या दिवशी पेपरात आलं,
कंपनी वाढली.
मी दोनदा वाचलं.

इथून समुद्र दिसत नाही.
दिसतो आलेख, भिंतभर,
त्याला ओहोटी ठाऊक नाही.
कँटीनमध्ये पाटी आहे:
मायक्रोवेव्हमध्ये मासे गरम करू नयेत.
मुजम्मिलनेही वाचली. डबा उचलला,
पार्किंगमध्ये गाडीत बसून जेवला.
मालक.

खोटं कशाला बोलू,
बाबांचा मोतीबिंदू याच वाढीने काढला,
भावाच्या होडीला इंजिन बसलं.
माझ्या नावावर शेअर आहेत, कागदावर.
शनिवारी त्यांचे पैसे करून बघते,
सोमवारपर्यंत विसरते.
ओळखपत्रावर सातच्या आधी चार शून्यं आलीत.
शून्य डावीकडे लागलं तर किंमत वाढत नाही,
हे दुसरीत करगुटकरबाईंनी
पट्टी आपटून शिकवलं होतं.

मार्चमध्ये हैदराबादहून आलेल्या मुलाने विचारलं,
"मॅम, हे नुरुद्दीन काय आहे? मॉड्यूल?"
हो, म्हटलं. फार जुनं. राहू दे.
त्याने अदबीने मान हलवली,
आणि साफसफाईच्या आठवड्यात
टीप काढली, ओळ काढली.
सगळ्या चाचण्या हिरव्या.
चाचण्या माझ्याच होत्या.

पहाटे चारला फोन.
खरं तर आता तिकीट काढायचं असतं,
त्याला नंबर असतो, इंदूरचा गोड आवाज असतो.
पण चाचांच्या मोबाईलमध्ये मी आहे,
"बर्फवाली" या नावाने.
"पोरी, परत उणे. या खेपेला चाळीस."
मागे बोली चढत होती,
कुणीतरी टोपली आपटली.

लॅपटॉप उघडला. लॅपटॉप म्हणाला,
या भागात बदल करण्याची आपल्याला परवानगी नाही.
किती सभ्य भाषा. ती वाक्यंसुद्धा
पूर्वी मीच तपासायचे.

उशाशी गॅसच्या नोंदींची वही होती.
सांगा चाचा, म्हटलं, मी लिहून घेते.
सुरमई चाळीस, ते म्हणाले, दर मागून सांगतो.
मी लिहिलं चाळीस,
आणि आधी अधिकचं चिन्ह काढलं,
लागत नाही तरी.