कशावरून

अठ्ठावन्न वह्या.
एक्केचाळीस वह्यांत पहिलं वाक्य एकच :
आजच्या स्पर्धेच्या युगात ग्राहक हा राजा आहे.
प्रत्येक राजाखाली मी पेन्सिलीने लिहिते : कशावरून?
विसाव्या वहीपर्यंत शब्दातला जीव जातो,
नुसतीच अक्षरं उरतात, पुलावरून, गच्चीवरून,
कशावरून तरी खाली पाहणारी.

गंगापूर रोडवरचं कॉलेज, दुसरा मजला,
बीबीए दुसरं वर्ष, जेवणानंतरचा तास.
मागच्या बाकावर कुणीतरी चिवड्याची पुडी
इतक्या हळू उघडतंय
की सगळ्या वर्गाला ऐकू येतंय.
फळ्यावर : ओळखीचं एक दुकान. चालतं का? का?
‘मॅडम, स्लाइड केल्या तर चालतील?’
नाही.
वाक्यं हवीत. क्रियापदासकट.

शाल्मली तांबट लिहिते,
आमच्या मालाचा दर्जा उत्तम असल्यामुळे विक्री उत्तम आहे.
कशावरून?
ती चिडते. दोन दिवस पहिल्या बाकावर बसत नाही.
मग दुसरा खर्डा टेबलावर जवळजवळ आपटते :
‘बाबा कळशी दाखवत नाहीत, वाजवून दाखवतात.
गिऱ्हाईक मान डोलावतं.
त्याला आवाजातलं काही कळत नसतं.
हे बाबांना माहीत असतं.’
समासात लिहायला मला काही सुचत नाही.

आणि मुजम्मिल कोकणी.
द्वारकेजवळ मामाचं सायकलींचं दुकान होतं, बंद पडलं.
पहिला खर्डा : ऑनलाइन विक्रीमुळे.
कशावरून?
दुसरा खर्डा : उड्डाणपुलामुळे, गिऱ्हाईक वरच्यावर निघून जातं.
कशावरून?
तेव्हा तो खरंच जाऊन पुलाखाली उभा राहिला,
दोन तास, वही घेऊन.
सायकली अकरा. त्यांतल्या सात शाळेच्या गणवेशातल्या.
एक पोलीस विचारून गेला, काय मोजतोस रे?

तिसऱ्या खर्ड्यात मामा म्हणतो,
पूल व्हायच्या आधीच दोन वर्षं धंदा बसला होता.
मामी म्हणते, ह्यांना उधारी मागता येत नव्हती.
उधारीच्या वहीतले आकडे दोघांच्याही बाजूने नाहीत.
आणि शेवटची ओळ, खाडाखोड करून पुन्हा तीच लिहिलेली :
‘दुकान का बंद पडलं, मला माहीत नाही.
पहिल्या खर्ड्यात माहीत होतं.’

मी दहापैकी नऊ दिले.

विभागप्रमुख क्षेमकल्याणी सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.
‘निष्कर्षाला चार गुण आहेत, मॅडम.
निष्कर्ष कुठाय यात?
नऊ दिलेत ते कशावरून?’

बारा वर्षं झाली मला इथे.
त्या खोलीत मी परिपत्रकं ऐकली, वाढदिवसाच्या केकचे वाद ऐकले,
हा शब्द पहिल्यांदाच ऐकला,
आणि मला, का कोण जाणे, हसू आलं.
सरांना वाटलं मी त्यांनाच हसतेय.
‘लेखी द्या,’ ते म्हणाले.

रात्री नाशिकरोडच्या घरी, जेवणाच्या टेबलावर
पुसून घेतलेल्या जागेत कागद.
इथून जवळच नोटा छापतात,
प्रत्येकीवर तेच वचन, तीच सही,
आणि कुणी विचारत नाही कशावरून, म्हणून तर बाजार चालतो.
हे लिहावं का सरांना? नको.
तसंही ते पुरतं खरं नाही.
लोक नोट उजेडात धरून बघतातच की.

महोदय,
आजच्या
खोडलं.

महोदय,
मुजम्मिलचा निष्कर्ष त्याच्या शेवटच्या ओळीत आहे.
हे लिहून झालं आणि पेन्सिल
सवयीने समासाकडे गेली.

कॉलेजला सुट्टी आहे सोमवारी.
सर, तिसरा खर्डा मंगळवारी देते.