फर्स्ट पीस

डिंकाच्या लाडवात खारकेची बी राहिली होती.
कट्.
आवाज ओळखीचा, टूलचं टोक उडावं तसा,
फक्त या वेळी मशीन मीच होतो.

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा. खाली झेरॉक्स, वर दवाखाना.
डॉक्टर नूतन घरत, वय माझ्या धाकटीएवढं.
म्हणाली, काका, मूळ शाबूत आहे, वरून टोपी घालू.
आजच. दोन तासांत. परत यायला नको.
मी म्हटलं, दोन तास तर आमचे जॉब बांधण्यातच जायचे, चकमध्ये.
ती हसली. चक म्हणजे काय
ते तिला ठाऊक नव्हतं.

इंजेक्शन. ओठ परक्याचा झाला.
मग तिने दाढ चोहोबाजूंनी घासली, खुंट राहीपर्यंत,
आणि जळक्या शिंगासारखा वास आला.
छत्तीस वर्षं लोखंड कापलं,
स्वतःचा कीस कधी हुंगला नव्हता.

पेनासारखा कॅमेरा गालाआड फिरला.
पडद्यावर माझी दाढ, डोंगराएवढी;
तिने ती उलटून दाखवली, बुडाशी हिरवी रेघ ओढली.
फट किती चालते, असं विचारायचं होतं,
तोंडातून निघालं, "फअ किही?"
तिला कळलं. केसाहून कमी, म्हणाली.
कुरियन फोरमन असता तर म्हणाला असता,
केस कुणाचा? बाईचा की घोड्याचा?

रंगांची पट्टी ओठाशी धरली.
पांढरा कुणाचाच नसतो, काका.
तुमचा चहातला.

यंत्र पलीकडच्या खोलीत, मायक्रोवेव्हपेक्षा जरा थोराड.
बघू का, म्हटलं. स्टूल दिलं तिने.
काचेआड पाण्याचे फवारे, दोन बाजूंनी दोन सुया,
मध्ये जांभळट ठोकळा, शेंगदाण्याच्या चिक्कीच्या तुकड्याएवढा.
भट्टीत गेला की दाताचा रंग येतो म्हणे.
हँडलवर कुणाचाच हात नाही. हँडलच नाही.

दात कोरून पोट भरत नाही, आई म्हणायची.
मी पितळ कोरून भरलं, पाच जणांचं.
रबाळ्याला आमचा शेड होता तिथे आता
थंडगार इमारत आहे, आत माणसं नाहीत,
नुसते दिवे लुकलुकतात.

मी चूक शोधत बसलो. खरं सांगतो.
थरथर ऐकू येते का, सुई अडखळते का.
सतरा मिनिटं. नाही आली.
वाईट वाटलं थोडं.

भट्टीतून निघाली, खुंटावर बसली.
तिने निळा कागद दातांत धरवला.
चावा. घासा. डावीकडे. आ करा.

आणि मी खुर्चीत ताठ झालो.
लेथचा बेड घासताना आम्हीही निळंच लावायचो,
प्लेट फिरवायची, जिथे निळं उमटेल ती जागा उंच,
तिथेच पात्याने एक हलकी ओढ.
पुन्हा निळं. पुन्हा ओढ.
कुरियन म्हणायचा, माणूस खोटं बोलेल, निळं नाही.

तिने हातातल्या बारीक चाकाने घासलं.
पुन्हा कागद. पुन्हा.
झालं काका, म्हणाली.
मी बोट वर केलं. अजून आहे.
कॉम्प्युटर म्हणतो शून्य.
मी बोट खाली घेतलं नाही.
तिने दुसरा कागद काढला, पातळ, लाल.
बघितलं. दिवा जवळ ओढला.
"आहे की," म्हणाली, स्वतःशीच,
आणि मनगट टेकवून, श्वास रोखून
एवढीशी ओढ दिली.

बिल अठरा हजार.
माझा पहिला पगार सहाशे चाळीस,
पण तो हिशेब जिन्यावर करायचा नाही असं ठरवलं होतं.
ठोकळ्याचं उरलेलं बूड मात्र मागून घेतलं,
दांडीला चिकटलेलं, जांभळं. टाकणारच होती.
कशाला, काका?
सांगता आलं नाही. ओठ अजून परका होता.

आता तीन टाकीच्या सिग्नलला उभा आहे.
जीभ दर मिनिटाला तपासायला जाते,
पास करते,
पुन्हा जाते.