चार मुद्द्यांत कळवा

गाबोरोनेहून फोन आला. नवा मुलगा, आवाज एसीतला.
"म्मा बोइकान्यो, फिक्वेत आपण का हरलो,
चार मुद्द्यांत कळवा. शुक्रवारपर्यंत."

शाखेची वही काढली. मागच्या पानावर अजून
कुठल्याशा सभेच्या खुर्च्यांचा हिशेब, सात खुर्च्या परत न आलेल्या.
एकचा आकडा लिहिला, पुढे टिंब दिलं,
आणि उठून चहा टाकला.

काय लिहू?
की पहाटे तीनलाच शाळेच्या कुंपणाला रांग होती,
स्वयंपाकघरातली स्टुलं घेऊन आलेल्या बायका,
आणि निम्म्या पोरांच्या अंगात आपलाच लाल टी-शर्ट.
मी मनात मोजत होते, एकशेदहा, एकशेअकरा.
कापड आपलं होतं.
आतला माणूस मोजायचा राहून गेला.

की खाण बंद झाली तेव्हाही ऑक्टोबरच होता.
रात्रपाळी वर आली, हातात डबे,
आणि पुढची पाळी खाली गेलीच नाही.
तुम्ही मंडप टाकलात, म्हणालात, "उपाय शोधतो आहोत."
आठ वर्षं शोधलात.
शेजारच्या केलेबोन्येनं हेल्मेटात कांद्याची पात लावली,
तीनदा उगवली, तीनदा वाळली,
चौथ्यांदा त्यानं हेल्मेट पालथं घातलं आणि वर बसला.

मे महिन्यात दवाखान्यात गेले. रक्तदाबाची गोळी नाही.
पुढच्या आठवड्यात या. गेले.
त्याच्या पुढच्या आठवड्यात या. गेले.
रिकाम्या कपाटाला नवं कुलूप मात्र होतं.

आमच्यात म्हणतात, खोत्ल्यात बोललेला प्रत्येक शब्द सुंदर असतो.
शेवटच्या सभेत ओन्तिरेत्सेनं हात वर केला,
पदवीवाली, बसथांब्यावर टोमॅटो विकते.
माईक तिच्यापर्यंत पोचायच्या आत
तुम्ही जेवण वाढायला सांगितलंत.
मटण चांगलं होतं. ती जेवली. हात धुतले, निघून गेली.
रांगेत माझ्या पुढेच उभी होती.

आपली खूण जॅक.
माझ्या आईला अक्षर येत नव्हतं, जॅक यायचा.
लाल चकती लिफाफ्यात घालून ती देवळातून आल्यासारखी घरी यायची.
आणि उचललंच की जॅकनं आम्हाला,
नळ, शाळा, डांबर, खोटं कशाला बोलू.
पण चाक बदलून झालं की जॅक काढायचा असतो, पोरा.
अठ्ठावन्न वर्षं जॅकवर ठेवलेली गाडी
चाकं चोरणाऱ्याच्या सोयीची, आत बसलेल्यांच्या नाही.

त्यांची खूण छत्री.
किती हसलो होतो आपण, कोरड्या देशात छत्री!
ज्या देशात पैशालाच पाऊस म्हणतात
आणि दोन्ही पडत नाहीत.
त्या विनोदावर लोकांनी फुली मारली.
उद्या वाऱ्यात ती उलटी होईल, होईलही.
ते त्यांना विचारा, पाच वर्षांनी.

आणि माझा ओअराबिले.
नावाचा अर्थ, त्यानं उत्तर दिलं.
देवाबद्दल ठेवलं होतं, उशिरा झाला म्हणून.
नऊ वर्षं अर्ज पाठवतोय, कुणी उत्तर देत नाही.
आमच्या घरी या विषयावर बोलणं नसतं,
मी लाल शर्ट धुते, तो दोरीवरून काढून घडी घालतो.

मतमोजणीला मी आपली एजंट म्हणून बसले होते.
अधिकारी एकेक कागद वर धरायचा.
छत्री. छत्री. जॅक. छत्री.
मग एक कागद, फुली चौकटीबाहेर सांडलेली,
एक पाय लांब, दुसरा दुमडलेला.
ही फुली मी पहिलीच्या वहीत खोडरबरानं पुसली आहे,
पाटीवर हात धरून गिरवून घेतली आहे.
सरळ कधी आलीच नाही.

"रेघ बाहेर गेलीय. हरकत आहे?" त्यानं मला विचारलं.
एक मत बाद झालं असतं.

"नाही," मी म्हणाले, "स्पष्ट आहे. धरा."

हे लिहून घे.
बाकीचे तीन मुद्दे तुझे तू शोध.