करार वाढला की

करार दोन वर्षांनी वाढला की
आम्ही दोघी मनामाच्या त्या हॉटेलात जातो,
शुक्रवारी, भर दुपारी, टाचांचे बूट घालून.
फिलोमिना वसईची. बाटलीचं नाव ती न अडखळता घेते.
मी नुसती बुचाकडे बघते.

बूच उडत नाही, सिनेमातल्यासारखं.
वेटर ते फडक्यात धरून हळूच सोडतो
आणि बाटली एक उसासा टाकते,
रात्रपाळी संपल्यावर आम्ही टाकतो तसा.

मग बुडबुडे.
तळातल्या एका टिंबातून, एकामागे एक,
सलाइन उलटं लावल्यासारखे वर.
"वॉर्डाचं बोललीस तर बिल तुझं," फिलो म्हणते.

जिभेवर आंबट, गार. नाकात झिणझिण्या.
लोण्यात निथळणारी शेवंड,
तिसरी फेरी चीजची, चौथी कशाची ते आठवत नाही,
आणि बर्फाच्या डोंगरावर, लिंबाच्या फोडींत
कालवं.

सहा घेतली. मग आणखी सहा.
कच्ची, समुद्रासकट गिळली.

रात्री आईचा फोन. काय जेवलीस?
कालवं, म्हटलं.
चाळीस वर्षं रेवदंड्याच्या खडकांवर
ओहोटीला वाकलेली आई म्हणाली,
"आलं-लसणीचं वाटण होतं ना?"
नाही गं, कच्चीच.
ती हसली, खोकला येईपर्यंत हसली.
मग जरा थांबून:
"फोडली कोणी?"

बर्फामागे एक हातमोजा होता, बहुतेक.
चेहरा
आठवेना.